डाव्या हाताची नाडी लागत नाही: टाकायासू आर्टेरायटिस, माझा अनुभव आणि तुमचे प्रश्न

शेवंती

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे पाककृतींचे आणि भटकंतीचे धागे वाचत आले, स्वतः कधी लिहिलं नाही. गेल्या आठवड्यात तपासणीसाठी पुण्याला गेले होते. शेजारच्या खुर्चीवर एक १९ वर्षांची मुलगी होती, तिच्या फाइलवर माझ्याच आजाराचं नाव. तिची आई मला म्हणाली, "ताई, हे जपानी दुखणं आहे म्हणतात, मग आमच्या पोरीला कसं झालं?" नऊ वर्षांपूर्वी माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. म्हणून हा धागा.

आजार टाकायासू आर्टेरायटिस. आपलं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच महाधमनीच्या आणि तिच्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चाल करून जातात. भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. कुठे कुठे बंदच होते. बहुतेक रुग्ण बायका, आणि सुरुवात साधारण चाळिशीच्या आत.

माझी सुरुवात २४व्या वर्षी झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागले होते. सहा-सात महिने रोज संध्याकाळी कणकण. वजन ५२ वरून ४५ वर आलं. रक्तातली सूज दाखवणारा ईएसआर ९०च्या पुढे. छातीचा एक्स-रे साफ होता, थुंकीत काही नव्हतं, तरी टीबीच असणार म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पाच महिने घेतल्या. आपल्या भागात ताप आणि वजन घटणं म्हटलं की टीबी आधी आठवतो, हे मला समजतं. पण पाच महिन्यांत काडीचा फरक पडला नाही, तेव्हा कुणीतरी थांबून पुन्हा विचार करायला हवा होता.

त्याच काळात वेणी घालताना डावा हात भरून यायचा. दोरीवर दोन साड्या वाळत घातल्या की हात खाली घ्यावा लागे. खाली घेतला की दोन मिनिटांत बरं वाटे. आई म्हणायची अशक्तपणा आहे. शाळेत आरोग्य शिबिर झालं, त्यात नर्सबाईंनी डाव्या दंडाला पट्टा बांधला तर यंत्राने एरर दाखवला. पुन्हा बांधला, पुन्हा एरर. सेल गेलेत म्हणाल्या आणि पुढच्या बाईंना बोलावलं. पुढच्या बाईंचं बीपी त्याच यंत्रावर नीट आलं. मी तिथेच उभी होते.

शेवटी आईच्या आग्रहाखातर कराडजवळच्या एका वयस्कर वैद्यांकडे गेलो. बायकांची नाडी डाव्या हाताची बघायची पद्धत, तसं त्यांनी माझं डावं मनगट घेतलं. तीन बोटं ठेवली. जरा सरकवली. दाबून पाहिलं. मग काही न बोलता उजवं मनगट घेतलं, पुन्हा डावं. बराच वेळ गेला. म्हणाले, "बाळ, इथे नाडी लागत नाही. हे माझ्या औषधाचं काम नाही. उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरांना दाखव." पैसे घेतले नाहीत. आज ते हयात नाहीत. माझं उजवं मूत्रपिंड त्यांच्यामुळे वाचलं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

पुण्यात सीटी अँजिओग्राफी झाली. डाव्या हाताकडे जाणारी मुख्य धमनी बंद, मानेतल्या डाव्या धमनीची भिंत जाड, आणि उजव्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद. उजव्या हातात बीपी १७०/१००. २४ वर्षांच्या मुलीचं! मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की शरीराचं बीपीच कमी आहे असं ते समजतं आणि बीपी चढवणारी रसायनं सोडत राहतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

उपचार ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे चालू झाले. सांधे दुखत नसताना संधिवाताच्या डॉक्टरकडे कशाला, असं घरात प्रत्येकाने विचारलं. शरीर स्वतःवरच उलटतं असे आजार त्यांच्याकडेच येतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू उतरवलं, सोबत प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट. चेहरा इतका गोल झाला की चौथीतली पोरं विचारायची, "बाई, तुम्हाला गालगुंड झालंय का?" १४ महिन्यांनी स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलं आणि आजार उलटला. मग टोसिलिझुमॅबची इंजेक्शनं. आजार शांत झाल्यावर मूत्रपिंडाच्या धमनीची अँजिओप्लास्टी. आज ३३ वर्षांची आहे, शाळेत शिकवते, मुलगी तीन वर्षांची आहे.

विचारा काय विचारायचं ते.

माणदेशी

शेवंतीताई, वैद्यांचा परिच्छेद दोनदा वाचला. एक शंका. डाव्या हाताची धमनी बंदच होती तर हात काळा-निळा कसा पडला नाही? माझ्या चुलत्यांच्या पायाची धमनी अचानक बंद पडली होती, तर पाय कापायची वेळ आली होती.

संध्याकाळची_ओपीडी

मी मेडिसिनचा डॉक्टर, तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. माणदेशी, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. चुलत्यांची धमनी अचानक बंद झाली. या आजारात ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षं थोडी थोडी मिटत जाते. तेवढ्यात आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या होतात आणि आडवाटेने रक्त पोचवतात. बसलेल्या हाताला ते पुरतं. वेणी घालायला हात वर धरला, स्नायूंनी जास्त रक्त मागितलं की पुरत नाही आणि हात भरून येतो.

हृदयविकारातल्या ब्लॉकेजपेक्षा हा आजार वेगळा आहे, हे नातेवाइकांना समजावताना माझा निम्मा वेळ जातो. कोलेस्टेरॉलचा थर धमनीच्या आतल्या अस्तरात साचतो. टाकायासूमध्ये हल्ला बाहेरून आत येतो. मोठ्या धमनीची भिंत इतकी जाड असते की तिलाच रक्त पुरवायला बाहेरच्या बाजूने केसासारख्या रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या वाटेने बचावपेशी भिंतीत शिरतात. तिथे सूज, मग व्रण, मग जाडी. बहुतेक वेळा वाट अरुंद होते. काही ठिकाणी उलट भिंत कमकुवत होऊन फुगा येतो. म्हणून "स्टेंट टाकून मोकळं करा" हा हट्ट करू नये. सूज चालू असताना धमनीला हात लावला तर ती पुन्हा मिटण्याची शक्यता फार. आधी आग विझवायची, मग रस्ता दुरुस्त करायचा. ताईंच्या डॉक्टरांनी त्याच क्रमाने केलं.

आता जपानी नावाबद्दल. १९०८ साली कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गोल माळ तयार झाल्याचं परिषदेत मांडलं. डोळ्याला रक्त कमी पोचत होतं म्हणून त्या वाहिन्या एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनी सांगितलं की अशाच रुग्णांची मनगटातली नाडी त्यांना लागली नव्हती. दोन गोष्टी एकाच आजाराच्या, हे असं जुळलं. ताकायासूंनी स्वतः नाडीबद्दल काही म्हटलं नव्हतं. पुढे १९४८ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी या आजाराला 'नाडीहीन रोग' म्हटलं.

पण हा जपान्यांचा आजार नव्हे. भारतात, चीनमध्ये, कोरियात, तुर्कस्तानात, मेक्सिकोत सगळीकडे आहे. फरक इतका की जपानात महाधमनीच्या छातीतल्या कमानीतून निघणाऱ्या फांद्या जास्त सापडतात, आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही पुष्कळदा धरल्या जातात. म्हणून आपल्याकडची मुलगी अनेकदा केवळ वाढलेलं बीपी घेऊन येते. विशीतल्या मुलीचं बीपी वाढलंय तर "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून गोळी लिहून देऊ नये. चारही हातापायांच्या नाड्या बघाव्यात, मानेवर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून सुळसुळ आवाज ऐकावा. पाच मिनिटांचं काम आहे.

हिरवा_चाफा

ताई, तुमच्या धीराला नमस्कार. सुचवावंसं वाटतं म्हणून लिहितोय. प्रतिकारशक्तीचाच प्रश्न आहे ना? मग गुळवेलीचा काढा रोज सकाळी घेऊन बघा. आमच्या घरी कोविडपासून सगळे घेतात, कुणाला त्रास नाही. प्रतिकारशक्ती वाढली की शरीर स्वतःच लढेल.

संध्याकाळची_ओपीडी

चाफा, तुम्ही आपुलकीने लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती भलत्याच घरात शिरली आहे. तिला आणखी जोर देणं म्हणजे धमनीवरचा मारा वाढवणं. ताईंची सगळी औषधं तिला आवरण्यासाठी आहेत. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, त्यांतल्या काहींमध्ये स्वप्रतिकाराच्या आजाराची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद बाजूला ठेवू. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या माणसाच्या यकृतावर आधीच ताण असतो, त्यामुळे कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शेवंती

चाफादादा, वाईट वाटून घेऊ नका, मलाही चार जणांनी तोच काढा आणून दिला होता. आणि मला वैद्यांबद्दल मनापासून आदर आहे, वर लिहिलंच आहे.

हिरवा_चाफा

वाईट कशाला वाटेल? मला हे माहीत नव्हतं. माझ्या मेहुणीला ल्युपस आहे, तोही शरीर स्वतःवर उलटण्याचाच आजार, तिला मीच गुळवेल दिली होती. आत्ता फोन करतो.

गोदाकाठचा

माझा आजार वेगळा, पण भाऊबंद म्हणावा असा. माझ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या सुजतात. जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस). पूर्वी याला एका जर्मन डॉक्टरचं नाव होतं, त्याचे नाझींशी संबंध उघड झाल्यावर २०११ मध्ये नाव बदललं.

वय ४६. वर्षभर नाक चोंदलेलं, खपल्या, रक्त. सायनसचं ऑपरेशन झालं. मग कान वाहायला लागला. मग खोकल्यातून रक्त. एक्स-रेत गोळे दिसले आणि ताईंसारख्याच टीबीच्या गोळ्या. नाक, कान आणि फुप्फुस तिन्ही एकदम का बिघडतात हे वेगवेगळ्या डॉक्टरांनी आपापल्या तुकड्यापुरतं पाहिलं. एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने साधी लघवी तपासायला सांगितली. तिच्यात रक्तपेशी आणि प्रथिनं. क्रिएटिनिन ४.२, म्हणजे मूत्रपिंड बिघडलेलं. त्याच रात्री भरती. रक्तात अँका नावाच्या अँटिबॉडी सापडल्या, मूत्रपिंडाच्या बायोप्सीत नक्की झालं. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब दिलं. डायलिसिस टळलं. पूर्वी औषधं नव्हती तेव्हा यातले बहुतेक रुग्ण वर्षभरात जात, असं डॉक्टर म्हणाले.

नाकातून रक्त, खोकल्यातून रक्त आणि लघवीत रक्त, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आठवड्यांत मूत्रपिंड जातं.

रानजाई

शेवंतीताई, मला विचारायला संकोच वाटतोय. मला दोन वर्षांपूर्वी टाकायासूचं निदान झालं. लग्न ठरलंय, मुलाकडच्यांना सगळं सांगितलं आहे. सासूबाई खूप समजूतदार आहेत, पण मूल होईल ना, एवढंच विचारतात. आणि हे मुलांत उतरतं का?

शेवंती

रानजाई, संकोच करू नकोस. मूल होतं, माझं झालं. पण ठरवून व्हायला हवं, हे हात जोडून सांगते. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहिले तर बाळाच्या अवयवांना धोका असतो, मायकोफेनोलेट या दुसऱ्या औषधाचंही तेच. मी आधी सांगितलं, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट बंद करून अॅझाथायोप्रिन दिलं, तीन महिने थांबायला लावलं. आजार सहा महिने शांत होता हे बघितलं. बीपीची गोळीही बदलली, कारण आधीची गर्भाला चालत नव्हती. नऊ महिने बीपी उजव्या हातालाच मोजायचं, हे प्रसूतिकक्षातल्या प्रत्येक सिस्टरला मी स्वतः सांगत होते. शेवटी डाव्या हातावर पेनाने मोठी फुली मारून घेतली. ३७व्या आठवड्यात सिझर झालं, मुलगी २ किलो ४०० ग्रॅम.

संध्याकाळची_ओपीडी

भर घालतो. आईचा आजार तसाच मुलात उतरतो असा हा आनुवंशिक आजार नाही. एचएलए-बी ५२ नावाचा एक जनुक-प्रकार जपानी आणि भारतीय रुग्णांत जास्त आढळतो, पण तो असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

दोन_पिल्लांचा_बाबा

थोडं विषयांतर. धाकट्याला दोन वर्षांचा असताना कावासाकी झाला होता, तोही रक्तवाहिन्यांचाच. सात दिवस उतरत नसलेला ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, ओठ फुटलेले. साधा व्हायरल म्हणून अँटिबायोटिक चालू होतं. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ओळखलं. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन लावली तर हृदयाच्या धमन्यांना फुगे येण्याचा धोका बराच कमी होतो, म्हणून घाई केली. नंतर बोटांची कातडी सोलली गेली. आता हृदयाची इको तपासणी नॉर्मल आहे. पाच दिवसांच्या वर ताप राहिलेल्या लहान मुलाच्या बाबतीत हे नाव डॉक्टरांपुढे काढायला लाजू नका.

समुद्रापार

मी नऊ वर्षं जपानात राहतो. कानाझावा आमच्यापासून दोन तासांवर. इथे उच्चार 'ताकायासू', आणि सरकारच्या दुर्धर आजारांच्या यादीत हे नाव आहे. यादीतल्या आजाराच्या रुग्णाला उपचाराच्या खर्चात सरकारी मदत मिळते. टोसिलिझुमॅबला या आजारासाठी इथे २०१७ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे खर्चाचं कसं होतं, शेवंती?

शेवंती

प्रेडनिसोलोन, मेथोट्रेक्सेट, फॉलिक अॅसिड ही औषधं स्वस्त आहेत, शिक्षकाच्या पगारात सहज बसतात. टोसिलिझुमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं महाग. मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, भावाने मदत केली. ज्यांना शक्य नाही त्यांनी अँजिओप्लास्टी किंवा ऑपरेशनच्या वेळी रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना आधी भेटावं, बिल झाल्यावर नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे धर्मादाय संस्थांची माहिती असते.

औषधांबद्दल तीन गोष्टी माझ्याच अनुभवातून.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. माझ्या पहिल्या पाकिटावर औषधाच्या दुकानातल्या मुलाने 'रोज १' लिहिलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फक्त रविवार' असं लाल शाईने लिहिलं होतं म्हणून माझ्या लक्षात आलं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो.

स्टेरॉइड मनाने बंद करू नका. चेहरा सुजतो, वजन वाढतं, मुलींना ते फार लागतं, मला माहीत आहे. पण बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम सोडलं तर बीपी कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आणि सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारं प्रथिन, नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. आजार उलटला तेव्हा माझा सीआरपी नॉर्मल होता. मानेच्या डाव्या बाजूला बोट लावलं तरी दुखायचं, एवढंच लक्षण. सगळे म्हणाले उशी बदल. एमआर अँजिओग्राफीत नवीन सूज दिसली.

संध्याकाळची_ओपीडी

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. आणखी एक. टोसिलिझुमॅब ज्या रसायनाला अडवतं, त्याच रसायनाच्या हुकमावरून यकृत सीआरपी बनवतं. त्यामुळे हे इंजेक्शन चालू असताना सीआरपी कायम चांगलाच दिसेल, आजार असला तरी आणि जंतुसंसर्ग असला तरी. म्हणून रक्तावर नाही, नाडीवर, बीपीवर आणि स्कॅनवर लक्ष ठेवायचं. भारतीय डॉक्टरांच्या गटाने २०१० मध्ये नाडी, बीपी, सुळसुळ आवाज, दुखणं अशा हाताने तपासता येणाऱ्या खुणांची गुणपद्धती तयार केली. आज ती परदेशांतल्या अभ्यासांतही वापरतात. मला तिचा अभिमान वाटतो, कारण माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरला तिच्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

बायोलॉजिक सुरू करण्याआधी दडलेल्या टीबीची तपासणी मात्र नक्की करून घ्या.

पन्हाळगड

नवीन सदस्य आहे. काल रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. माझी भाची २२ वर्षांची, सहा महिन्यांपासून चक्कर येते, डोकं दुखतं. चष्मा लागलाय, मायग्रेन आहे, उपास करते, सगळं ऐकून झालं. आज सकाळी शेजारच्या काकांचं बीपीचं यंत्र आणून दोन्ही हातांचं मोजलं. उजवा १४८, डावा १०४. तीन वेळा मोजलं. यंत्र खराब असेल का?

संध्याकाळची_ओपीडी

स्वतःचं मोजून बघा, दोन्ही हातांचं. तुमचे आकडे जवळजवळ सारखे आले तर यंत्र ठीक आहे. दहापर्यंतचा फरक कुणाच्याही हातांत असू शकतो. बाविशीत ४४चा फरक सोडून देता येणार नाही. टाकायासूच असेल असं नाही, पण कारण शोधायलाच हवं.

पन्हाळगड

माझं मोजलं. १२४ आणि १२०.

शेवंती

व्यनि (खासगी निरोप) केला आहे, पुण्यातल्या आणि कोल्हापूरहून जवळ पडतील अशा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची नावं त्यात आहेत. जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, एक्स-रेसुद्धा. तीन वेळचे आकडे हात आणि वेळेसकट कागदावर लिहून न्या. तिथे डाव्याच हाताला पट्टा बांधला तर दुसराही हात पुढे करायला सांगा तिला. आणि भाचीला माझा नंबर द्या. शाळा पाचला सुटते, त्यानंतर कधीही फोन कर म्हणावं.